लिनक्सवर आवाज तुटतो, मधेच ‘टक्’ होतं, कार्डच गायब होतं: नेमकं कुठे बघायचं?

मंद्रसप्तक

आवाज फाटतोय असं कुणी म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: बफर (वाजण्याआधी आवाजाचा डेटा साठवायची जागा) वाढवा. कधीकधी तो लागू पडतो, म्हणून तर टिकलाय. पण ब्लूटूथची खरखर, पॉवर सेव्हिंगचा ‘टक्’ आणि दोन घड्याळांमधली तफावत यांना बफरशी फारसं देणंघेणं नाही. तिथे बफर वाढवून फक्त आवाज उशिरा येतो, तुटायचा तो तुटतोच. म्हणून हा धागा तपासणीच्या क्रमाने चालवूया.

गृहीत धरलंय ते असं: पाइपवायर (अ‍ॅप आणि साउंडकार्ड यांच्या मधला आवाजाचा सर्व्हर) आणि वायरप्लंबर (त्याच्या जोडण्या सांभाळणारा). फेडोरात ३५ पासून (२०२१) आणि उबुंटूत २२.१० पासून हेच मुळात येतं. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टंका.

आधी चाचणीचा आवाज नीट निवडा. तबला किंवा ढोल लावून तपासू नका, ठोक्यांमध्ये तुटलेला भाग लपून जातो. तानपुऱ्याची अखंड फाइल उत्तम, त्याहून उत्तम म्हणजे साधा साइन सूर. सॉक्स पॅकेजातल्या ‘प्ले’ कमांडला ४४० हर्ट्झचा साइन ६०० सेकंद द्यायला सांगा, व्हॉल्यूम ०.२ ठेवा (पूर्ण पातळीचा साइन हेडफोनवर कानाला त्रास देतो). अशा सुरात एक मिलिसेकंदाची फट पडली तरी ‘चट्’ ऐकू येतं.

शेजारच्या खिडकीत ‘पीडब्ल्यू-टॉप’ चालवा आणि ‘ईआरआर’ नावाच्या रकान्यावर डोळा ठेवा. सुरुवातीला एखाद-दुसरा आकडा वाढतो, तो सोडून द्या. पुढे:

प्रत्येक ‘चट्’बरोबर आकडा वाढतोय, तर दोष तुमच्या संगणकाच्या आत आहे: कुणीतरी वेळेवर डेटा दिला नाही. वाढ साउंडकार्डाच्या ओळीत आहे की एखाद्या अ‍ॅपच्या, तेही बघा. फक्त ब्राउझरच्या ओळीत असेल तर सिस्टिमच्या सेटिंग्ज बदलून हात दुखवू नका.

‘चट्’ होतंय पण आकडा हलत नाही, तर पाइपवायरच्या दृष्टीने सगळं सुरळीत आहे. मग बघायचं ते पुढे: कोडेकचं (म्हणजे आवाजाच्या चिपचं) पॉवर सेव्हिंग, यूएसबी, रेडिओ, घड्याळ, वायर.

हा एक फाटा आधी काढला की निम्मे प्रयोग वाचतात.

टर्मिनलवासी

+१. पहिल्या प्रकारात, म्हणजे आकडा वाढतोय त्यात, बफरला हात लावण्याआधी आवाजाच्या थ्रेडला रिअलटाइम (आरटी) प्राधान्य, म्हणजे बाकी कामांच्या आधी प्रोसेसर, मिळालंय का ते बघा. हे न बघता लोक थेट कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलायला निघतात.

‘पीएस’ला सगळे थ्रेड, त्यांचा क्लास, आरटी-प्रायॉरिटी आणि नाव दाखवायला सांगा, त्यातून ‘डेटा-लूप’ गाळून घ्या. क्लासच्या जागी ‘एफएफ’ किंवा ‘आरआर’ दिसलं तर ठीक. ‘टीएस’ दिसलं तर आवाजाचं काम आणि तुमचं झिप उघडणं एकाच रांगेत उभं आहे. प्रोसेसर सोळा कोअरचा असला तरी तो थ्रेड एकदा पंचवीस मिलिसेकंद उशिरा जागा झाला की सूर तुटला. सरासरी वेगाचा इथे उपयोग नाही, सगळ्यात वाईट वेळ किती ते महत्त्वाचं.

‘टीएस’ का येतं? बहुतेक वेळा ‘आरटीकिट’ (साध्या प्रोग्रामना आरटी प्राधान्य मिळवून देणारी सेवा) बसवलेलंच नसतं. हाताने, कमीत कमी पॅकेज घेऊन केलेल्या इन्स्टॉलेशनमध्ये हे हमखास होतं. ते बसवून पुन्हा लॉगिन केलं की प्रश्न सुटतो. आरटीकिट जास्तीत जास्त २० पर्यंत प्राधान्य देतं, ऐकण्यासाठी ते पुरेसं आहे.

रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी लिमिट्सचा (कुणाला किती प्राधान्य आणि मेमरी ते ठरवणाऱ्या फाइलींचा) रस्ता घ्यावा: ‘ईटीसी’मधल्या ‘सिक्युरिटी’ फोल्डरात ‘लिमिट्स डॉट डी’ आहे, तिथे पाइपवायर गटासाठी आरटीप्रायो ९५, नाइस उणे १९, मेमलॉक ४१९४३०४ (किलोबाइटमध्ये, म्हणजे ४ जीबी). स्वतःला त्या गटात घाला. मग पाइपवायर ८८ हे त्याचं नेहमीचं प्राधान्य घेतं. नुसतं लॉगआउट करून कधीकधी फरक पडत नाही, कारण यूजर-सेशनचा सिस्टिमडी मागे जिवंत राहतो आणि जुन्याच मर्यादा धरून बसतो. सरळ रीबूट करा.

काळीचार

क्वांटमबद्दल (पाइपवायर एका फेरीत किती सॅम्पल हाताळतं ते, वरचा ‘बफर’ म्हणजे हाच) थोडं सविस्तर, कारण ‘वाढवा’ म्हणतात पण किती आणि कुठे ते कुणी सांगत नाही.

४८००० च्या दराला २५६ सॅम्पल म्हणजे ५.३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १०.७, १०२४ म्हणजे २१.३, २०४८ म्हणजे ४२.७. एवढ्या वेळात त्या फेरीतली सगळी कामं उरकायची: अ‍ॅपने डेटा द्यायचा, मिश्रण, दर बदलणं, कार्डाच्या हवाली करणं. कार्ड थांबत नाही.

प्रयोगासाठी: ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा’ला ‘सेटिंग्ज’ हे नाव देऊन ‘क्लॉक.फोर्स-क्वांटम’ २०४८ करा. चालू आवाजावर लगेच लागू होतं. दहा मिनिटं ऐका. ‘ईआरआर’ थांबला तर निदान पक्कं.

आता कायमचं करताना बहुतेक जण ‘डिफॉल्ट.क्लॉक.क्वांटम’ वाढवतात आणि मग म्हणतात काही झालं नाही. होणारच नाही. एखाद्या गेमने किंवा कॉलच्या अ‍ॅपने २५६ मागितलं की सगळा ग्राफ (एकमेकांना जोडलेली अ‍ॅप आणि कार्डं) २५६ वर येतो, जो सगळ्यात लहान मागेल त्याचं चालतं. म्हणून बदलायचं ते ‘डिफॉल्ट.क्लॉक.मिन-क्वांटम’. होम फोल्डरातल्या ‘डॉट कॉन्फिग’मध्ये ‘पाइपवायर’, त्यात ‘पाइपवायर.कॉन्फ.डी’ फोल्डर, त्यात स्वतःची छोटी फाइल, आणि ‘कॉन्टेक्स्ट.प्रॉपर्टीज’च्या कंसात ही एकच ओळ: मिन-क्वांटम बरोबर १०२४. ‘यूएसआर’मधली मूळ फाइल उघडून खरडू नका, पुढच्या अपडेटला ती पुसली जाते.

गाणी, सिनेमा, व्हिडिओ कॉल यांना २०४८ सुद्धा चालतं. कीबोर्ड वाजवून हेडफोनमध्ये स्वतःलाच ऐकायचं असेल तर ४३ मिलिसेकंदांनी बोट आणि सूर यांची फारकत होते. तिथे १२८ किंवा २५६ वर खेळावं लागतं, आणि मग टर्मिनलवासींनी लिहिलेलं आरटी ऐच्छिक राहत नाही.

नवशिक्या_पण_हट्टी

आकडा हलत नाही. आवाज दहा-बारा मिनिटांनी एकदा तुटतो, अगदी नेमाने. रचना अशी: माइक यूएसबीचा, आवाज लॅपटॉपच्या जॅकमधून. माइक थेट हेडफोनमध्ये ऐकायला ‘अल्सालूप’ (एका कार्डाचा आवाज दुसऱ्यात सोडणारी कमांड) लावलंय. क्वांटम २०४८ करून पाहिला, फरक नाही.

काळीचार

क्वांटमने फरक पडणारच नाही, अल्सालूप पाइपवायरला वळसा घालून थेट कार्डाशी बोलतंय. आणि ‘अगदी नेमाने’ हे दोनच शब्द पुरेसे आहेत. सविस्तर लिहितो, हे पुष्कळांना लागेल.

यूएसबी माइकमध्ये एक क्रिस्टल (त्याचं घड्याळ), लॅपटॉपच्या कोडेकसाठी दुसरा. दोघेही स्वतःला ४८००० म्हणवतात, पण दोन क्रिस्टल तंतोतंत एका वेगाने कधीच चालत नाहीत. समजा दोघांत ५० पीपीएमचा फरक आहे, म्हणजे दहा लाखांत पन्नास. सेकंदाला २.४ सॅम्पलची तफावत. मधे १०२४ सॅम्पलची जागा असेल तर ती ४२७ सेकंदांत, म्हणजे सात मिनिटांच्या थोडं पुढे, भरून वाहते किंवा रिकामी पडते. ‘टक्’. मग पुन्हा सात मिनिटं शांतता. बफर दुप्पट केला तर ‘टक्’ चौदा मिनिटांनी येईल, जाणार नाही.

म्हणून घड्याळ लावून अंतर मोजा. तीन ‘टक्’मधली दोन अंतरं सारखी निघाली तर तफावत. वेडीवाकडी निघाली तर शेड्युलिंग, वायर किंवा रेडिओ. हा उलटा हिशोबही करता येतो: बफरचे सॅम्पल भागिले (अंतर सेकंदांत गुणिले ४८०००), आणि आलेल्याला दहा लाखांनी गुणा. उत्तर काही दहा पीपीएमच्या घरात आलं तर निदानावर शिक्का.

उपाय: अल्सालूप काढा आणि पाइपवायरचं ‘पीडब्ल्यू-लूपबॅक’ वापरा. पाइपवायर एका कार्डाला चालक मानतं आणि दुसऱ्याच्या प्रवाहाचा दर सतत किंचित ताणत-सैलावत ठेवतं. तो फेरफार कानाला कळत नाही. अल्सालूपलाच चिकटून राहायचं असेल तर त्याचा ‘सिंक’ पर्याय दर जुळवण्याच्या प्रकारावर ठेवा, ‘नन’वर नको.

याचाच भाऊबंद म्हणजे ऑप्टिकल किंवा एसपीडीआयएफ (डिजिटल आवाजाचं) इनपुट. बाहेरचं यंत्र आपल्या घड्याळावर, तुमचं इंटरफेस ‘इंटर्नल’वर. तिथे सॉफ्टवेअरमध्ये काहीही करा, नेमाने ‘टक्’ येणारच. इंटरफेसचा क्लॉक सोर्स बाहेरच्या यंत्रावर लावला की काम झालं.

नवशिक्या_पण_हट्टी

मोजलं. ११ मि. २० से. आणि ११ मि. १८ से. अल्सालूप काढून पीडब्ल्यू-लूपबॅक लावलं, आता ४० मिनिटं झाली, एकही नाही.

रात्रपाळी

‘आकडा हलत नाही’ याची दुसरी मोठी जात: शांततेनंतर पहिला शब्द गिळला जातो किंवा स्पीकरमधून ‘टप्’ येतं. नोटिफिकेशनचा ‘टिंग’ अर्धाच ऐकू येतो, तो हाच.

इथे दोन वेगळी पॉवर सेव्हिंग एकमेकांवर बसलेली असतात. वायरप्लंबर पाच सेकंद काही वाजलं नाही की नोड (पाइपवायरमधलं त्या आउटपुटचं टोक) निलंबित करतो. त्याच्या खाली कर्नलचा ‘एसएनडी-एचडीए-इंटेल’ ड्रायव्हर काही सेकंदांनी कोडेकची वीज काढतो. ‘टप्’ बहुधा दुसऱ्यामुळे, अ‍ॅम्प्लिफायर बंद-चालू होताना.

आधी खालचं तपासा. ‘सिस’ फोल्डरात ‘मॉड्यूल’, त्यात ड्रायव्हरचं नाव, त्यात ‘पॅरामीटर्स’, त्यात ‘पॉवर_सेव्ह’. तिथे १ किंवा १० दिसेल. रूट होऊन ० लिहा, पंधरा सेकंद थांबा, आवाज वाजवा. ‘टप्’ गेलं तर ‘ईटीसी’तल्या ‘मॉडप्रोब.डी’मध्ये ऑप्शन्सची ओळ टाका: पॉवर_सेव्ह बरोबर ०.

खड्डा क्र. १: टीएलपी (बॅटरी वाचवणारं पॅकेज) बसवलेलं असेल तर चार्जर काढला-लावला की ते आपलाच आकडा पुन्हा लिहितं. त्याच्या फाइलीत ‘साउंड पॉवर सेव्ह’च्या दोन ओळी आहेत, एक एसीची आणि एक बॅटरीची. दोन्ही ० करा. ‘चार्जरवर बरं चालतं, बॅटरीवर टपटपतं’ ही तक्रार याचीच.

पहिला शब्द तरीही गिळला जात असेल तर वायरप्लंबर. ‘मॉनिटर.अल्सा.रूल्स’मध्ये त्या आउटपुटच्या नोडला ‘सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स’ ० द्या. सगळ्या नोडना देऊ नका, एचडीएमआय आणि माइक उगाच जागे राहतात.

खड्डा क्र. २: वायरप्लंबर ०.५ पासून लुआ भाषेतल्या सेटिंग फाइली बाद झाल्या. जुन्या लेखांतली ‘मेन.लुआ.डी’वाली कृती केली तर चूकही दाखवत नाही आणि परिणामही होत नाही. नवी जागा ‘वायरप्लंबर.कॉन्फ.डी’. आधी आवृत्ती बघा, मग कृती शोधा.

अनाहत

कार्डच नाहीसं होऊन सेटिंगमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ दिसतं, त्याची पायरी-पायरीने तपासणी.

‘प्रॉक’ फोल्डरातल्या ‘एसाउंड’मधली ‘कार्ड्स’ फाइल वाचा. तिथेच कार्ड नसेल तर पाइपवायर कितीदाही रीस्टार्ट करा, तो निर्दोष आहे. कर्नलचा लॉग काढा आणि ‘एसओएफ’ शोधा. इंटेलच्या अलीकडच्या, अंगचे डिजिटल माइक असलेल्या लॅपटॉपना साउंड ओपन फर्मवेअर लागतं. पॅकेजचं नाव डेबियनमध्ये ‘फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड’, फेडोरात ‘अल्सा-एसओएफ-फर्मवेअर’, आर्चमध्ये ‘एसओएफ-फर्मवेअर’. डेबियन १२ मध्ये ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ विभाग चालू असावा लागतो. फर्मवेअर असूनही काही अडलं तर ‘अल्सा-यूसीएम-कॉन्फ’ (कार्डांच्या जोडण्यांची वर्णनं असलेलं पॅकेज) जुनं आहे का बघा: कार्ड दिसतं पण स्पीकर किंवा माइक नाही, हा त्याचा नमुना.

‘एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी’ला ‘डीएसपी_ड्रायव्हर’ १ दिलं की जुना ड्रायव्हर बळेच लागतो आणि स्पीकर कधीकधी चालू होतात. पण अंगचा माइक जातो. हा तात्पुरता टेकू आहे, इंटरनेटवर तो उपाय म्हणून फिरतोय.

कार्ड कर्नलला दिसतंय पण डेस्कटॉपला नाही? मग ‘फ्यूझर’ने ‘डेव्ह’मधल्या ‘एसएनडी’खालच्या फाइली कुणी धरून ठेवल्यात ते काढा. जुनं पल्सऑडिओ (पाइपवायरच्या आधीचा सर्व्हर) मागे राहिलेलं सापडतं किंवा थेट अल्सावर (कर्नलमधल्या आवाजाच्या थरावर) बसलेलं एखादं अ‍ॅप. नंतर यूजर सर्व्हिस तीन आहेत: पाइपवायर, पाइपवायर-पल्स, वायरप्लंबर. तिन्हींची स्थिती ‘सिस्टिमसीटीएल’ला ‘यूजर’ लावून बघा. यातलं काहीही सुडोने चालवू नका. रूटच्या मालकीच्या फाइली तुमच्या होममध्ये तयार होतात आणि पुढच्या लॉगिनला खरंच आवाज जातो.

विंडोजबरोबर ड्युअल बूट असेल तर विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते खरं शटडाउन करत नाही, कोडेक अर्धवट स्थितीत मागे राहतो.

खमंग_धिरडं

ब्लूटूथवर कॉल सुरू झाला की गाणं जुन्या ट्रान्झिस्टरवर लागल्यासारखं येतं. हे बिघाडात धरायचं की नाही?

अनाहत

बिघाड नाही. गाण्यासाठी ए२डीपी हे प्रोफाइल (ब्लूटूथची आवाज पाठवायची पद्धत), त्यात हेडसेटचा माइक नाही. माइक उघडला की एचएफपी हे कॉलचं प्रोफाइल: आवाज दाबायची पद्धत सीव्हीएसडी असेल तर ८ किलोहर्ट्झ, एमएसबीसी असेल तर १६. हेडसेट आणि संगणक दोघांना एमएसबीसी येत असेल तर कॉल सुसह्य होतो. नाहीतर लॅपटॉपचा माइक निवडा आणि आपोआप होणारा बदल बंद करा: ‘डब्ल्यूपीसीटीएल सेटिंग्ज’ला ‘सेव्ह’ लावून ‘ब्लूटूथ.ऑटोस्विच-टू-हेडसेट-प्रोफाइल’ फॉल्स. सेव्ह लावलं नाही तर रीस्टार्टनंतर पहिले पाढे पंचावन्न.

मधेमधे तुटणं हा मात्र खरा दोष, आणि तो बहुधा हवेतला असतो. यूएसबी ३ च्या वायरी आणि डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात, ब्लूटूथ तिथेच राहतं. ब्लूटूथचा डोंगल यूएसबी ३ च्या डिस्कशेजारी खोचलेला असेल तर अर्ध्या मीटरच्या एक्स्टेंशन वायरने दूर न्या. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर टाका. पीडब्ल्यू-टॉपमध्ये हे काहीच दिसणार नाही.

पिंपळपान

लिमिट्स, क्वांटम, सगळं करण्यापेक्षा रिअलटाइम कर्नल टाकून मोकळं व्हावं. ६.१२ पासून (नोव्हेंबर २०२४) प्रीएम्प्ट-आरटी मुख्य कर्नलमध्ये आलंय, बाहेरचे पॅच लावायची कटकट संपली.

टर्मिनलवासी

मुख्य कर्नलमध्ये आलंय, पण कर्नल बांधताना तो पर्याय निवडलेला असावा लागतो, सरसकट डिस्ट्रोच्या नेहमीच्या कर्नलमध्ये तो नसतो. आणि थ्रेड ‘टीएस’मध्येच असेल तर आरटी कर्नलही त्याला रांगेत पुढे नेणार नाही. १०२४ वर गाणी ऐकायला साधा कर्नल भरपूर झाला. ६४ किंवा १२८ वर लाइव्ह वाजवणाऱ्यांनी आरटीकडे जावं.

आणखी एक: मदरबोर्डचं फर्मवेअर एसएमआय नावाच्या इंटरप्टने प्रोसेसर स्वतःकडे ओढून घेतं तेव्हा कर्नलला पत्ताही नसतो. तिथे कुठलाही कर्नल हतबल. असा हरवलेला वेळ मोजणारं ‘एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट’ दहा मिनिटं चालवा. मिलिसेकंदांतले आकडे आले तर बायोस अपडेट शोधा.

रात्रपाळी

धागा लिनक्सचा आहे, पण विंडोजवाल्यांसाठी दोन ओळी, कारण तत्त्व तेच. लेटन्सीमॉन दहा मिनिटं चालवा, ड्रायव्हरच्या यादीत सगळ्यात लांब डीपीसी (ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून ठेवलेला वेळ) कुणाची ते बघा. ‘एनडीआयएस’ (नेटवर्कचा ड्रायव्हर) वर आलं तर वाय-फायचा अडॅप्टर डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करून पुन्हा मोजा. ‘एसीपीआय’ (वीज-व्यवस्थेचा ड्रायव्हर) आलं तर बॅटरीची ‘कंट्रोल मेथड’ची नोंद चाचणीपुरती बंद करा. बॅटरीचं चिन्ह जाईल, घाबरू नका आणि नंतर चालू करा. साउंडच्या गुणधर्मांतली ‘एन्हान्समेंट्स’ आधी बंद करा, हे सगळ्यात स्वस्त.

खमंग_धिरडं

सतत ‘घूंऽऽ’ येत असेल तर?

मंद्रसप्तक

चार्जर काढा. घूं थांबली तर ती ऑपरेटिंग सिस्टिमची नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, म्हणून गुणगुण ५० किंवा १०० वर येते. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवर घ्या. तरी राहिली तर दोघांमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. तीन पिनांचा प्लग दोन पिनांचा करणं हा उपाय सांगतात, तो करू नका, अर्थिंग जिवासाठी असतं.

पिंपळपान

व्हर्च्युअल मशीनमध्ये तर वर लिहिलेलं सगळं करून झालं, तरी खरखर आहे.

काळीचार

तिथे कार्डाचं घड्याळच नकली आहे, कार्ड किती पुढे गेलंय हे ते ढोबळ टप्प्यांत सांगतं. वायरप्लंबरच्या नियमात ‘एपीआय.अल्सा.पीरियड-साइझ’ १०२४ आणि ‘एपीआय.अल्सा.हेडरूम’ २०४८ द्या, पाहुण्या मशीनच्या आत. हेडरूम म्हणजे कार्डाच्या तोंडापासून राखलेलं जादा अंतर. यजमानाकडेही (म्हणजे मूळ संगणकावर) ‘ईआरआर’ बघा, खरखर तिकडूनच आत येत असते असंही होतं.

आणि वर एक लिहायचं राहिलं: प्रयोग संपला की ‘फोर्स-क्वांटम’ परत ० करा. पाइपवायर रीस्टार्ट झाला की तो आपोआप जातो, पण तोवर अडकून राहतो आणि १२८ मागणारं अ‍ॅप २०४८ वरच वाजत बसतं.